एकाहत्तर कॅसेट आणि एक बाक

सोमवारची सकाळ. धुक्यातून एकेक माणूस एका जुन्या, शाळेसारख्या इमारतीत शिरतो, खिडकीपाशी नाव सांगतो आणि आपला नंबर येईपर्यंत बसून राहतो. मग त्याला आत बोलावतात. टेबलापलीकडचा कर्मचारी कागदावरची माहिती तपासून घेतो आणि अगदी सभ्यपणे सांगतो, की काल आपलं निधन झालं, आम्हाला खेद आहे.

हिरोकाझु कोरेएडा या जपानी दिग्दर्शकाचा १९९८चा सिनेमा 'आफ्टर लाइफ' असा सुरू होतो. जपानमध्ये त्याचं नाव होतं 'वंडरफुल लाइफ'. कोरेएडा आपल्याकडे नीट माहीत झाला तो २०१८ साली 'शॉपलिफ्टर्स'ला कानमध्ये पाम दॉर मिळालं तेव्हा. त्यामुळे बरेचजण त्याचे सिनेमे उलट्या क्रमानं बघतात. मीही तशीच त्याच्या या दुसऱ्या सिनेमापर्यंत पोचले, आणि गेल्या दोन वर्षांत तो चार वेळा पाहिला. एवढ्यांदा का, ते पुढे येईलच.

नियम सोपे आहेत. या आठवड्यात बावीस माणसं आलीत. प्रत्येकानं बुधवारपर्यंत आपल्या आयुष्यातली एक आठवण निवडायची. एकच. मग तिथलेच कर्मचारी सेट उभारून, नट आणून ती आठवण शूट करतात. शनिवारी सगळ्यांना थिएटरमध्ये बसवून ती दाखवतात. पडद्यावर आपली आठवण पाहता पाहता माणूस खुर्चीतून नाहीसा होतो. तेवढी एक आठवण घेऊन तो पुढे जातो, बाकी सगळं विसरतो. ज्यांना निवडता येत नाही किंवा निवडायचंच नाही, ते तिथेच राहून नोकरी करतात आणि पुढच्या सोमवारी येणाऱ्या मेलेल्यांच्या मुलाखती घेतात.

मेल्यावर आपल्याला कुठल्या ऑफिसात जावं लागतं, याची एक कल्पना आपल्यालाही लहानपणापासून दिलेली आहे. चित्रगुप्ताची वही. त्या वहीत सगळंच आहे. कधी खोटं बोललात, कुणाला पाणी दिलंत, कुणाचं ढापलंत. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर तो शंभर टक्के लॉगिंग असलेला सर्व्हर आहे आणि त्याची रिटेन्शन पॉलिसी अनंत आहे. कोरेएडाच्या ऑफिसात हिशोबच नाही. तिथे पाप-पुण्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. हीटर खुरखुरतात, चहा होतो, एकेका केसवर मीटिंगा होतात, कुणाचा मृत माणूस निर्णय घेत नाहीये म्हणून वरिष्ठ चौकशी करतात. आपल्या तालुक्याच्या गावातल्या एखाद्या बऱ्यापैकी माणुसकी असलेल्या सरकारी कचेरीसारखं वाटतं. आणि प्रश्न एकच विचारला जातो: तुम्हाला काय ठेवायचंय?

या सिनेमाचा पहिला तासभर म्हणजे जवळपास फक्त मुलाखती. माणूस खुर्चीत, कॅमेरा समोर. हे सगळे नट नाहीत. सिनेमाच्या तयारीसाठी कोरेएडाच्या टीमनं पाचशेच्या वर सामान्य माणसांना हाच प्रश्न विचारला होता आणि त्यांतले काहीजण सिनेमात स्वतःची खरी आठवण सांगताना दिसतात. काही नट लिहिलेले संवाद म्हणतात, काही नट स्वतःची आठवण सांगतात. कोण काय करतंय हे ओळखायचा मी पहिल्यांदा प्रयत्न केला आणि दहा मिनिटांत सोडून दिला. कारण खरी माणसंही सांगता सांगता आठवणीला थोडा आकार देतात, मागे जाऊन दुरुस्ती करतात, हातानं काहीतरी दाखवायला जातात आणि मध्येच थांबतात. खोटं कुणी बोलत नाही, पण सरळ रेकॉर्डिंगही कुणी वाजवत नाही.

आणि निवडतात काय? एक आजीबाई १९२३च्या कांतो भूकंपाबद्दल सांगतात. त्या भूकंपात लाखाच्या वर माणसं गेली. आजीबाईंना आठवतो तो बांबूचं बन, तिथे आसऱ्याला गेलेली मोठी माणसं, बांबूंना बांधलेला झोका आणि भाताचे गोळे. एका माणसाला शाळेच्या उन्हाळी सुट्टीच्या आदल्या दिवशी ट्राममध्ये अंगावर आलेला वारा हवाय. दुसऱ्या एका आजींना, त्यांचं नाव तातारा, मोठ्या भावानं कॅफेत नेलं असताना लाल ड्रेस घालून केलेला नाच. एका शाळकरी मुलीला डिस्नेलँड. तिच्याशी बोलणारी शिओरी ही शिकाऊ कर्मचारी तिला हळूच सांगते, की या वर्षात डिस्नेलँड निवडणारी तू तिसावी आहेस. मुलगी गप्प होते. नंतर येऊन सांगते, की लहान असताना आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते आणि आई कान साफ करत होती, तिचा वास यायचा, ते.

हा प्रसंग मला सिनेमातला सगळ्यात धारदार वाटतो, कारण शिओरी जे करते ते बरोबर आहे का हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डिस्नेलँडमध्ये त्या मुलीला खरंच मजा आली असेल, तर तिला ते 'कॉमन' आहे असं जाणवून द्यायचा अधिकार हिला कुणी दिला? दुसरीकडे, आपणही फोटो काढताना तेच करतो. गेटवे ऑफ इंडियासमोरचा आपला फोटो आणि इतर लाखोंचा फोटो यांत चेहरा सोडून काय वेगळं असतं? कॅमेरा जिथे बाहेर निघतो ते क्षण आधीच ठरलेले असतात. आईच्या मांडीवर असताना कुणी फोन काढत नाही.

आता वातानाबेंकडे येऊ. सिनेमाचा कणा तेच आहेत. सत्तरी ओलांडलेले, नोकरीतून निवृत्त झालेले, सरळमार्गी गृहस्थ. मोचिझुकी या तरुण दिसणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर ते बसतात आणि त्यांना काही सुचत नाही. शिक्षण ठीक, नोकरी ठीक, लग्न ठरवून झालेलं, तेही ठीक. आणि अडचण ही, की त्यांना साधी सुखाची आठवण नकोय, त्यांना आपण जगलो याचा पुरावा म्हणता येईल असं काहीतरी हवंय. सगळं ठीकच असलेल्या आयुष्यात पुरावा शोधायचा कुठे?

मोचिझुकी त्यांच्यासाठी स्टोअरमधून व्हीएचएस कॅसेट मागवतो. वर्षाला एक, एकूण एकाहत्तर. वातानाबेंचं अख्खं आयुष्य त्यांत रेकॉर्ड झालेलं आहे. देताना तो एक गोष्ट बजावतो: हे तुमच्या आठवणीशी तंतोतंत जुळेलच असं नाही, संदर्भापुरतं बघा.

चित्रगुप्ताची वही आली म्हणायची. वातानाबे एकटेच खोलीत बसून रिमोट हातात घेऊन स्वतःला बघत राहतात. कॉलेजातला वातानाबे मित्रांसमोर मोठमोठ्या बाता मारतोय, जगून काहीतरी मागे ठेवायचं म्हणतोय, आणि इकडे सत्तरीचा वातानाबे ते ऐकतोय. त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप वगैरे काही नाही. शेजारच्या घरातलं भांडण ऐकू आल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो, तसा काहीसा आहे. कॅसेटमध्ये सगळं आहे, आणि त्या ढिगात त्यांना पाहिजे ते सापडत नाही.

माझं रोजचं काम एका कंपनीच्या सिस्टीममधले लॉग साठवणं आणि ठरलेल्या मुदतीनंतर ते पुसणं हे आहे. दिवसाला काही कोटी ओळी. त्या कामातून मला एक गोष्ट पक्की कळलीय: लॉग कुणी वाचत नाही. घोळ झाला की वाचतात. सगळं सुरळीत चाललेल्या मंगळवारचा लॉग आजवर कुणीही प्रेमानं उघडून बघितलेला नाही. वातानाबेंच्या एकाहत्तर कॅसेट म्हणजे एकाहत्तर वर्षांचे सुरळीत मंगळवार आहेत. सगळं साठवलं की सगळं टिकलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा माणूस पुन्हा एकदा बघावा.

दोन वर्षांपूर्वी माझी आजी, बाबांची आई, गेली. मिरजेत राहायची. शेवटच्या वर्षात तिला माणसं ओळखू यायची नाहीत, पण फोन वापरायची सवय हातात उरली होती. म्हणजे कुणालाही व्हॉइस मेसेज जायचे. ती गेल्यावर घरातली कॉम्प्युटरवाली म्हणून फोन माझ्याकडे आला. 'सगळं नीट काढून ठेव गं,' आत्या म्हणाली. मी काढलं. अकरा जीबी निघालं. त्यात फॉरवर्ड झालेले सुप्रभात, पांडुरंग, हळदीच्या पाण्याचे फायदे, आणि चारशेच्या आसपास व्हॉइस मेसेज. मी ड्राइव्हवर फोल्डर करून सगळ्यांना लिंक पाठवली. लिंक किती जणांनी उघडली ते मला दिसतं. चौघांनी. पूर्ण कुणीच ऐकलं नाही, मीही नाही.

पण त्यातून काय काय मागितलं गेलं, ते बघण्यासारखं होतं. आत्याला एकच हवा होता, ज्यात आजी कुकरची शिट्टी मोजताना मध्येच 'तीन झाल्या का गं?' असं विचारते. पलीकडे कोण आहे हे तिला माहीत नव्हतं. चुलतभावाला हवा असलेला मेसेज त्या चारशेंत नव्हताच. त्याला पक्कं आठवतं की आजीनं त्याला बारावीच्या निकालाच्या दिवशी मेसेज पाठवला होता. त्या वर्षी आजीकडे स्मार्टफोन नव्हता. मी त्याला तारखा दाखवल्या. तो म्हणाला, 'असेल तुझं बरोबर, पण मला ऐकू येतो तो.' यावर मी काही बोलले नाही. मोचिझुकी आधीच सांगून चुकलाय की संदर्भापुरतं बघा.

कोरेएडाच्या स्वतःच्या आजोबांना स्मृतिभ्रंश होता. हा सहा वर्षांचा होता. आजोबा जेवलेलं विसरायचे, मग माणसं विसरले. माणूस मरतो म्हणजे सगळं विसरतो, असा आपला त्या वयात समज झाला होता, असं त्यानं सांगितलंय. या सिनेमाच्या दोन वर्षं आधी, १९९६ साली, त्यानं 'विदाऊट मेमरी' नावाची डॉक्युमेंटरीही केली होती. तिच्यातला माणूस वैद्यकीय हलगर्जीमुळे नव्या आठवणी साठवू शकत नाही, कालचा दिवस त्याच्याजवळ नसतो. हे माहीत असलं की 'आफ्टर लाइफ'मधली मुलाखतीची खुर्ची जरा वेगळी दिसते. त्या खुर्चीत बसायला मिळणं, आणि आठवायला काहीतरी असणं, हे दोन्ही तिथे गृहीत धरलेलं नाही.

गुरुवार-शुक्रवारची शूटिंगं मात्र निव्वळ गंमत आहे. एकाला छोट्या विमानातून ढगांत शिरल्याची आठवण हवीय, तर कर्मचारी कापूस पिंजून ढग करतात आणि ढग जवळून कसे जायचे यावर त्याच्याशी गंभीर चर्चा करतात. ट्रामच्या आठवणीसाठी उभ्या ट्रामला चारजण बाहेरून हलवतात. तातारा आजी आपली भूमिका करणाऱ्या लहान मुलीला नाचात रुमाल कसा धरायचा ते शिकवतात, मग स्वतःच घोटाळतात. तुम्ही शाळेच्या गॅदरिंगमध्ये पडद्यामागे थर्माकोलची झाडं धरून उभे राहिला असाल तर ही माणसं तुम्हाला लगेच ओळखू येतील.

इथे एक साधा प्रश्न पडतो. या ऑफिसकडे जर प्रत्येकाच्या आयुष्याचं पूर्ण रेकॉर्डिंग आहे, तर कापसाचे ढग कशाला? त्या दिवसाची कॅसेट लावा आणि शनिवारी तीच दाखवा. माझ्यासारख्या कुणालाही हे पहिलं सुचेल: डेटा आहे तर पुन्हा तयार का करताय? सिनेमा याचं उत्तर देत नाही, त्याबद्दल कुणी पात्र एक शब्द बोलत नाही, आणि मला हेच त्याचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. कॅसेटमधला दिवस वरून कुठूनतरी पाहिलेला आहे. तो त्या माणसाचा नाही. तातारा आजी रुमालावरून घोटाळतात आणि मग 'नाही, असं' म्हणून हात फिरवतात, तेव्हा ऐंशी वर्षांच्या बाईच्या मनगटात ती लहान मुलगी दोन सेकंद येऊन जाते. ते रेकॉर्डिंगमध्ये असूच शकत नाही, कारण ते आत्ता घडलंय. आठवण काढून दाखवायची वस्तू नाही, ती करावी लागते, आणि करायला दुसरी माणसंही लागतात. ट्राम कुणीतरी हलवावी लागते.

आपले फोन हे काम आपल्या वतीनं करतात. सकाळी उठलं की 'पाच वर्षांपूर्वी, आजच्या दिवशी' हजर. मागे गाणं, फोटो आपोआप सरकतात, हसणारे चेहरे पुढे. हे निवडतं कोण? चेहरा ओळखणारं, फोटो अंधूक आहे का बघणारं, तुम्ही मागे कशावर थांबला होता ते मोजणारं एक मॉडेल. २०१४ साली फेसबुकच्या वर्षअखेरच्या आढाव्यानं एका अमेरिकन वेब डिझायनरला त्याच वर्षी वारलेल्या त्याच्या लहान मुलीचा फोटो भोवती नाचणाऱ्या चित्रांच्या चौकटीत घालून दाखवला होता. नंतर माफी मागितली गेली. हे कोडमध्ये वाईट हेतू असल्यामुळे झालं नव्हतं. सर्वाधिक लाइक मिळालेला फोटो तोच होता, एवढंच. शिओरी निदान त्या मुलीच्या समोर बसून तिचा पडलेला चेहरा बघत होती.

वातानाबेंचं पुढे काय होतं ते सांगावं लागेल. सिनेमा कळून बिघडण्यातला नाही, पण ज्यांना चिडचिड होते त्यांनी इथे थांबून आधी तो बघावा.

वातानाबे शेवटी निवडतात तो एक बाक. लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर एकदा बायकोबरोबर, क्योकोबरोबर, ते सिनेमाला गेले होते आणि नंतर बागेतल्या बाकावर बसले होते. एवढंच. जाता जाता ते मोचिझुकीसाठी पत्र ठेवून जातात. मोचिझुकी दिसतो बाविशीचा, कारण तो त्या वयात, १९४५ साली, युद्धात मेला. म्हणजे तो वातानाबेंच्याच पिढीतला. आणि क्योको ही त्याची वाग्दत्त वधू होती. वातानाबेंना ठाऊक होतं की बायकोचं आधी कुणावर तरी प्रेम होतं आणि ती दर वर्षी एकटी त्याच्या थडग्यावर जाऊन यायची. समोर मुलाखत घेणारा माणूस तोच, हे त्यांनी ओळखलं होतं आणि आठवडाभर दोघांपैकी कुणीच ते बोललं नाही.

मग शिओरी स्टोअरमध्ये शोधाशोध करून क्योकोनं मेल्यावर निवडलेल्या आठवणीची फिल्म काढते. तीही बाकच निघते. पण शेजारी वातानाबे नाहीत. शेजारी गणवेशातला मोचिझुकी आहे, युद्धावर जाण्याआधीचा.

योगायोग जरा जास्तच आहे, हे मान्य करायला पाहिजे. तासभर डॉक्युमेंटरीसारखा श्वास घेणारा सिनेमा अचानक प्रेमत्रिकोण मांडतो, पत्र काय, हरवलेली रीळ काय. मला तो भाग पहिल्या वेळी खटकला आणि आजही थोडा खटकतो. शिवाय वातानाबेंवर इथे अन्याय होतो. त्यांनी बायकोसोबतचा बाक निवडला, बायकोनं मात्र दुसऱ्याच बाकाला कौल दिला, आणि सिनेमा त्यांना हे कळायच्या आत नाहीसं करून मोकळा होतो. ते दयाळूपणानं केलंय की सोयीनं, हा प्रश्न कोरेएडाला विचारायला हवा होता.

तरीही हा योगायोग काढून टाकला तर सिनेमा उरत नाही. कारण तोपर्यंत प्रश्न होता: मी काय ठेवू? इथून तो होतो: मला कुणी, कुठे ठेवलंय? मोचिझुकी पन्नास वर्षं एकही आठवण निवडू शकला नाही, आपल्या बावीस वर्षांत घेण्यासारखं काही नाही असं त्याला वाटत होतं. आणि दुसऱ्या कुणाच्या तरी अनंतकाळात तो केव्हाचा बसलेला होता. त्याला न विचारता, त्याला न कळता. वातानाबे एकाहत्तर कॅसेटमध्ये शोधत होते तो पुरावा मुळात स्वतःच्या कॅसेटमध्ये नसतोच. तो दुसऱ्याच्या रिळात असतो, आणि त्या रिळात तुम्ही कुठल्या कपड्यांत दिसणार हेही तोच ठरवतो.

मराठीत याचं ठळक उदाहरण आपण शाळेपासून वाचत आलोय, फक्त या अंगानं बघत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी साहित्य म्हणून आईला आठवणी लिहायला सांगितल्या. लक्ष्मीबाईंनी लिहिलं त्याची झाली 'स्मृतिचित्रे', १९३४ ते १९३६ दरम्यान भागाभागानं आलेली. टिळकांनी मागे ठेवलेल्या कविता आहेतच. पण आज बहुतेक वाचकांच्या मनातले टिळक हे लक्ष्मीबाईंचे टिळक आहेत: तापट, भोळे, हातात पैसा न टिकणारे, न सांगता घरातून निघून जाणारे. चरित्रासाठी लागणारा डेटा मागितला होता, आणि बाईंनी बाक बांधून दिला. टिळकांना ते स्वतः निवडता आलं असतं तर त्यांनी बहुधा वेगळंच काही निवडलं असतं.

सिनेमात दोन माणसं या सगळ्याला विरोध करतात, आणि ती नसती तर मी हा सिनेमा गोडगोड म्हणून सोडून दिला असता. एक इसेया, एकविशीचा पोरगा, लेदरची पँट. तो सरळ सांगतो की निवडणार नाही, निवडायला जमत नाही म्हणून नव्हे, तर ती माझ्या आयुष्याची जबाबदारी घ्यायची माझी पद्धत आहे म्हणून. दुसरा यामामोतो. त्याचं आयुष्य कसं गेलं ते सिनेमा सांगत नाही, पण बरं गेलेलं नाही एवढं कळतं. एक आठवण निवडली की उरलेलं सगळं विसरता येतं, हे ऐकून तो पुन्हा विचारून खात्री करून घेतो. खरंच सगळं? मग हा स्वर्गच झाला की, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. लहानपणी अंधारात लपून बसायचा ती जागा तो निवडतो. मागे राहणं ही सगळ्यांनाच हवीशी गोष्ट असते असं आपण धरून चालतो. हा माणूस पुसलं जायला आलाय.

माझ्या धंद्यात पुसणं हा रोजचा विषय आहे आणि त्याचे आकडे ठरलेले असतात. गुगल दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकतं, हे धोरण २०२३पासूनचं. व्हॉट्सअ‍ॅपचं खातं साधारण १२० दिवस बंद राहिलं की जातं. मोबाइल नंबर वापरात नसला की काही महिन्यांत बंद होतो आणि नंतर दुसऱ्या कुणाला तरी मिळतो. यात गैर काही नाही. नंबर मर्यादित आहेत, डिस्कला पैसे पडतात.

बाबा आजीच्या सिममध्ये अजून रिचार्ज मारतात. दर चौऱ्याऐंशी दिवसांनी. फोन टीव्हीच्या शेजारी चार्जिंगला असतो. मी एकदा म्हणाले, 'बाबा, बॅकअप घेतलाय सगळ्याचा, तीन ठिकाणी आहे. नंबर चालू ठेवायची गरज नाही.' त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, 'बॅकअपला रिंग जात नाही गं.' मला वाटलं विषय संपला. थोड्या वेळानं ते म्हणाले, 'आणि नंबर दुसऱ्याला गेला तर माझ्या फोनमध्ये आई म्हणून कुणाचा फोटो येईल?'

या दुसऱ्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर मला देता येतं: ज्या कुणाला नंबर मिळेल त्याचा. कॉन्टॅक्टमधलं नाव तुमच्या फोनमधलं असतं, फोटो समोरच्याचा. मी ते सांगितलं नाही, त्यांना ते माहीत होतं म्हणूनच तर विचारत होते. त्या आठवड्यात मी त्यांना लॅपटॉपवर 'आफ्टर लाइफ' लावून दिला. दोन रात्रींत त्यांनी तो पुरा केला. आवडला का विचारलं तर म्हणाले, ट्राम हलवणारी माणसं आवडली. मग बराच वेळ त्यांनी वातानाबेंचीच बाजू घेतली. बायकोनं कुणाला निवडलं त्याचं काय एवढं, हा माणूस तिच्या शेजारी चाळीस वर्षं बसला ना, म्हणाले.

यातून मला माझा आक्षेप जरा तपासून घ्यावासा वाटला. वातानाबेंना क्योकोची फिल्म दिसली असती तर ते मोडले असते, असं मी समजून चालले होते. पण दर वर्षी एकटी थडग्यावर जाणाऱ्या बायकोबरोबर राहिलेल्या माणसाला ही बातमी खरोखर नवी असती का? पत्र लिहिताना त्यांना ते ठाऊकच असावं, असं आता चौथ्यांदा बघताना वाटतं. ते पत्रात तक्रार करत नाहीत. मोचिझुकीनं आपली ओळख लपवली ती भिडेखातर, हे त्यांना कळलंय, आणि ते त्या भिडेबद्दल लिहितात.

शेवटी मोचिझुकीही निवडतो. शिओरीला ते नकोय, कारण तो गेला की तिला विसरणार. इथेच राहीन आणि निवडणारच नाही, म्हणजे तू माझ्याजवळ राहशील, असं तिचं गणित आहे. तो सेटवरच्या त्याच बाकावर जाऊन बसतो. आपल्याला वाटतं की आता क्योको येईल. कुणी येत नाही. शनिवारी त्याची फिल्म लागते: बाकावर एकटा मोचिझुकी, समोर बघतोय. आणि मग तो जे बघतोय ते: कॅमेऱ्यामागे उभे असलेले त्याचे सहकारी, ढग पिंजणारे, ट्राम हलवणारे, त्यांच्यात शिओरी. त्यानं युद्धाआधीचं काहीच घेतलं नाही. त्यानं मेल्यानंतरचं ऑफिस घेतलं. थिएटरमध्ये दिवे लागतात तेव्हा त्याची खुर्ची रिकामी असते.

पुढच्या सोमवारी शिओरीला बढती मिळालेली आहे. आता टेबलामागे ती असेल, आणि इसेया तिथे शिकाऊ म्हणून लागलाय. ती मोचिझुकीच्या खोलीत एकटी बसून आपली वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणून बघते. काल आपलं निधन झालं, आम्हाला खेद आहे. मग सरळ बसून दाराकडे बघते.